७,२११ मतं

अमेरिकेची २००० सालची निवडणूक म्हटली की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येतं, फ्लोरिडा. अर्धवट टोचलेल्या मतपत्रिका उजेडाकडे धरून बघणारे अधिकारी, ५३७ मतांचा फरक, पाच आठवडे चाललेली ओढाताण आणि १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने दिलेला निकाल. त्या दिवसांत सांगलीहून काकांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय गं, लागला का तुमच्या फ्लोरिडाचा निकाल?" मी तेव्हा नॅशुआला राहत होते, न्यू हॅम्पशायर राज्यात, आणि अजूनही तिथेच राहते. या राज्याने त्या वर्षी कुणाला कौल दिला, हे मला भारतातल्या कुणी कधी विचारलेलं नाही. इथल्याही कितीतरी लोकांच्या ते लक्षात नाही. माझ्या मनातून मात्र ते जात नाही, कारण जॉर्ज बुश अध्यक्ष झाले ते फ्लोरिडामुळे जितके, तितकेच न्यू हॅम्पशायरमुळे.

आधी हिशोब मांडते. अमेरिकेत अध्यक्षाची निवड थेट लोकांच्या एकूण मतांवर होत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टोरल मतं असतात: प्रतिनिधिगृहात त्या राज्याचे जितके सदस्य, तितकी मतं, अधिक सिनेटच्या दोन सदस्यांची दोन. सगळी मिळून ५३८, आणि जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली, तर ज्याला राज्यात सगळ्यांत जास्त मतं, त्याच्याच खात्यात त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं जातात, मग फरक एका मताचा असो की दहा लाखांचा. २०००मध्ये कॅलिफोर्नियाची मतं होती ५४, फ्लोरिडाची २५ आणि न्यू हॅम्पशायरची फक्त ४.

शेवटचा आकडा झाला रिपब्लिकन बुश २७१, डेमोक्रॅट अल गोर २६६. गोर यांची खरी मतं २६७ होती, पण राजधानी वॉशिंग्टन डीसीतर्फे इलेक्टोरल मत देणाऱ्या एका बाईंनी, राजधानीतल्या नागरिकांना काँग्रेसमध्ये मतदानाचा हक्क असलेला प्रतिनिधी नाही, याच्या निषेधार्थ आपली मतपत्रिका कोरी ठेवली. आता न्यू हॅम्पशायरची चार मतं उचलून दुसऱ्या बाजूला ठेवून बघा. बुश २६७, गोर २७०. फ्लोरिडा बुश यांच्याकडेच राहिलं असतं, तरी गोर अध्यक्ष झाले असते. मतपत्रिकांवरची भोकं, वकिलांच्या फौजा, सुप्रीम कोर्ट, यातलं काहीच लागलं नसतं.

आणि न्यू हॅम्पशायरमध्ये काय झालं होतं? बुश यांना २,७३,५५९ मतं, गोर यांना २,६६,३४८. फरक ७,२११ मतांचा. एकट्या नॅशुआ शहराची लोकसंख्या तेव्हा ८६ हजारांच्या वर होती. देशभरात गोर यांना बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून जास्त मतं मिळाली होती. इथल्या साडेसात हजारांनाही न भरणाऱ्या फरकापुढे ती कामाला आली नाहीत.

मला मतदानाचा हक्क तेव्हा नव्हता. आमच्या ओळखीतल्या बहुतेक मराठी घरांची हीच गत होती. कुणी एच-१ व्हिसावर, कुणी ग्रीन कार्डाच्या रांगेत. ७ नोव्हेंबरच्या रात्री आम्ही चार-पाच घरं एकत्र जमून टीव्ही बघत होतो. संध्याकाळी फ्लोरिडा गोर यांना दिलं, मग काढून घेतलं, मध्यरात्रीनंतर बुश यांना दिलं, पहाटे तेही काढून घेतलं. नकाशावर ईशान्येचा सगळा कोपरा गोर यांच्या रंगात रंगलेला, आणि त्यात हे एकटं राज्य वेगळ्या रंगाचं. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट, मेन, सगळीकडे गोर, न्यू हॅम्पशायर तेवढं बुश यांचं. आमचं सगळ्यांचं लक्ष खाली फ्लोरिडाकडे. आम्ही बसलो होतो त्याच राज्याने निकाल फिरवलाय, हे त्या खोलीत कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

हे राज्य आहे तरी केवढं, तेही सांगायला हवं. २०००च्या जनगणनेत लोकसंख्या १२,३५,७८६. गोव्याचीही लोकसंख्या तेव्हा याहून लाखभर जास्त होती, क्षेत्रफळ मात्र इथलं गोव्याच्या सहापटीहून मोठं. उत्तरेला व्हाइट माउंटन्सचे डोंगर आणि मैलोन्मैल जंगल, दक्षिणेला मॅसॅच्युसेट्सच्या सीमेला चिकटलेली नॅशुआ, सेलम, विंडहॅम ही गावं, तिथून रोज हजारो माणसं बॉस्टनच्या बाजूला नोकरीला जातात. मीही त्यातलीच. वस्तूंवर विक्रीकर नाही, पगारावर राज्याचा आयकर नाही, त्यामुळे शाळांपासून रस्त्यावरचं बर्फ काढण्यापर्यंत बराचसा खर्च घरपट्टीतून निघतो. गव्हर्नर, म्हणजे राज्याचा निवडून आलेला प्रमुख, व्हायचं असेल तर "मी हे दोन कर आणणार नाही" अशी शपथ उमेदवाराने घ्यायची, असा इथला जुना शिरस्ता.

इथल्या मतदाराची तऱ्हा बघायची, तर त्या २०००च्या दिवशीचंच उदाहरण पुरे. ज्या मतपत्रिकेवर राज्याने रिपब्लिकन बुश यांना निवडलं, त्याच मतपत्रिकेवर डेमोक्रॅट जीन शहीन यांना तिसऱ्यांदा गव्हर्नर केलं. आणि शहीन यांनी त्या वर्षी ती करांची शपथ घ्यायला नकार दिला होता! म्हणजे हजारो माणसांनी एका रांगेत एका पक्षाच्या नावापुढचा गोल काळा केला आणि खालच्या रांगेत दुसऱ्या पक्षाच्या. हे इथे अजूनही चालतं. २०२०मध्ये बायडन यांनी राज्य सहज जिंकलं आणि त्याच दिवशी रिपब्लिकन ख्रिस सुनुनु ६५ टक्के मतं मिळवून पुन्हा गव्हर्नर झाले. २०२४मध्ये कमला हॅरिस जिंकल्या आणि गव्हर्नर झाल्या रिपब्लिकन केली एयॉट. आपल्याकडे लोकसभेला एक आणि विधानसभेला दुसरं मत देणारी माणसं असतातच, पण इथे ते एकाच कागदावर, एकाच वेळी होतं.

आता मला सगळ्यांत जास्त बोचणारी गोष्ट सांगते. १९९२पासून २०२४पर्यंत अध्यक्षपदाच्या नऊ निवडणुका झाल्या. त्यांतल्या आठ वेळा न्यू हॅम्पशायर डेमोक्रॅट उमेदवाराच्या बाजूने गेलं. बिल क्लिंटन दोनदा, केरी, ओबामा दोनदा, हिलरी क्लिंटन, बायडन, हॅरिस. एकदाच गेलं नाही, ते २०००मध्ये, आणि नेमकी तीच एक निवडणूक, जिच्यात या चार मतांवर सगळं अवलंबून होतं. २००४मध्ये तर देशभरातलं हे एकमेव राज्य होतं, जे बुश यांच्याकडून फिरून डेमोक्रॅटांकडे आलं. केरी इथे ९,२७४ मतांनी जिंकले. पण तोवर त्या चार मतांची कुणाला गरज उरली नव्हती. ओहायो राज्य बुश यांच्याकडे गेलं आणि सगळं संपलं.

१९९२च्या आधीचा इतिहास उलटा आहे. १९४८पासून १९८८पर्यंत इथे प्रत्येक वेळी रिपब्लिकन उमेदवार जिंकला, अपवाद फक्त १९६४च्या लिंडन जॉन्सन यांचा. म्हणजे २०००मध्ये राज्य कूस बदलत होतं. जुनं रिपब्लिकन वळण पुरतं गेलं नव्हतं आणि नवं अजून मुरलं नव्हतं. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या राज्याचा कौल त्या वर्षी थोडासा इकडे कलला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत या राज्याने बुश यांना जबरदस्त तडाखा दिला होता, हे तर लोक साफ विसरलेत. पक्षाचा उमेदवार ठरवणारी पहिली प्रायमरी न्यू हॅम्पशायरमध्ये होते. १९२०पासून ही पहिली मानाची जागा या राज्याकडे आहे आणि ती टिकावी म्हणून राज्याने कायदाच केलाय. १ फेब्रुवारी २०००ला जॉन मॅकेन यांनी बुश यांना १८ टक्क्यांच्या फरकाने हरवलं. मॅकेन गावोगावच्या सभागृहांत जाऊन बसायचे, कुणीही उठून काहीही विचारावं, आणि लोकांचे प्रश्न संपेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. अशा सभा त्यांनी शंभरावर घेतल्या.

इथे कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेले मतदार खूप आहेत. त्यांनी प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचं, मत द्यायचं आणि बाहेर पडताना एक कागद भरून पुन्हा अपक्ष व्हायचं. त्या दिवशी या मतदारांची झुंड मॅकेन यांच्याकडे वळली. डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत गोर यांच्याविरुद्ध बिल ब्रॅडली उभे होते, आणि ते जेमतेम चार टक्क्यांनी हरले. हेच अपक्ष ब्रॅडली यांच्याकडे गेले असते तर गोर यांची वाट तिथेच अवघड झाली असती, असं मला वाटतं. म्हणजे फेब्रुवारीत या राज्याने बुश यांना धुडकावलं, गोर यांना थोडक्यात वाचवलं, आणि नोव्हेंबरात बुश यांना अध्यक्षपद गाठून दिलं.

मग राल्फ नेडर. ग्राहक हक्कांसाठी आयुष्य घालवलेला माणूस, ग्रीन पक्षाचा उमेदवार. त्यांना इथे २२,१९८ मतं पडली, ३.९ टक्के. बुश-गोर यांच्यातल्या फरकाच्या तिप्पट. नेडर यांच्या मतदारांतल्या तिघांपैकी एकाने गोर यांना मत दिलं असतं आणि उरलेले दोघे घरीच बसले असते, तरी राज्याचा निकाल फिरला असता. पण म्हणून त्या २२ हजार लोकांना दोष देणं मला पटत नाही. त्या दोघांत काहीच फरक नाही, असं मनापासून वाटणारी माणसं माझ्या ऑफिसात होती, आणि त्यांनी ते मत विचार करून दिलं होतं. नेडर नसते तर यांतले कितीतरी मतदानालाच गेले नसते, काही बुश यांच्याकडेही गेले असते. मत हे कुणा उमेदवाराच्या मालकीचं नसतं. गोर यांनी त्यांचं स्वतःचं टेनेसी राज्यही गमावलं, ११ इलेक्टोरल मतं होती तिथे. ते नेडर यांच्यामुळे गेलं नाही.

नागरिकत्व मिळाल्यावर माझं अध्यक्षपदासाठीचं पहिलं मत २००८चं. त्या वेळी बाबा आमच्याकडे आले होते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, आणि शिक्षक म्हटल्यावर निवडणुकीची ड्यूटी आलीच. लोखंडी मतपेट्या, लाखेची सीलं, आदल्या दिवशी जीपने नाहीतर एसटीने गावात जाऊन शाळेच्या वर्गात पथारी टाकणं, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं केलेलं. त्यामुळे न्यू हॅम्पशायरचे डोंगर बघण्यापेक्षा त्यांना इथलं मतदान बघायची हौस जास्त.

सकाळी त्यांना घेऊन मी आमच्या केंद्रावर गेले, एका शाळेच्या जिममध्ये. बाहेर थंडीत कुडकुडत पाट्या धरून उभे असलेले दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते, अगदी शेजारी शेजारी, एकाच थर्मासमधली कॉफी पिणारे. आत शिरताच शाळेच्या पालकांनी मांडलेलं केक-बिस्किटांचं टेबल. आडनावाच्या अक्षरांप्रमाणे रांगा. टेबलापलीकडची बाई नाव आणि पत्ता विचारते, मतदारयादीवर पट्टी ठेवून माझी ओळ शोधते आणि पेन्सिलीने नावावर रेघ मारते. मग मतपत्रिका हातात, कागदाची. उमेदवाराच्या नावासमोरचा लंबगोल काळा करायचा आणि बाहेर पडताना कागद स्कॅनरमध्ये सारायचा. तो कागद खालच्या पेटीत पडतो आणि जपून ठेवला जातो. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "आणि शाई?" शाई नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा काळजीत पडला.

संध्याकाळी आम्ही ऑफिसमधल्या एका मैत्रिणीच्या गावी गेलो, तासाभराच्या अंतरावर, उत्तरेकडे. वस्ती इतकी थोडी की तिथे स्कॅनर नाही, मोजणी हातानेच. लाकडी जमिनीचं जुनं टाऊन हॉल, एका टोकाला नाटकाचं छोटं स्टेज, मधोमध एक कठडा. मतदान आणि मोजणी कठड्याच्या आत होते, आणि कठड्याबाहेर उभं राहून ती कुणीही बघू शकतं. नागरिक असण्याचीसुद्धा अट नाही. बाबा कठड्याला टेकून उभे राहिले ते शेवटपर्यंत.

मतदान संपल्याचं मॉडरेटरने मोठ्याने जाहीर केलं. मॉडरेटर म्हणजे गावाने निवडून दिलेला माणूस. निवडणूक चालवायची आणि मार्चमधली गावसभाही चालवायची, ही त्याची कामं. जुनी लाकडी पेटी उघडली, मतपत्रिका टेबलावर ओतल्या, गठ्ठे केले आणि दोघं दोघं मोजायला बसले. जोडीतला एक नाव वाचतो, दुसरा कागदावर रेघा ओढतो. मतपत्रिका दोघांनाही दिसेल अशी धरलेली. केंद्रावर मदतीला बसणाऱ्यांत दोन्ही मोठ्या पक्षांची माणसं असावीत, असा कायदाच आहे. मैत्रिणीने बाबांना एकेकाची ओळख करून दिली: ते हार्डवेअरच्या दुकानाचे मालक, त्या निवृत्त नर्स, तो हायस्कूलचा मुलगा.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग हळू आवाजात म्हणाले, "आपल्याकडे स्वतःच्या गावात ड्यूटी देत नाहीत गं. मुद्दाम लांब टाकतात. ओळखीचा माणूस पेटीजवळ नको म्हणून." खरंच आहे ते. भारतात निवडणूक आयोग कर्मचाऱ्यांना ओळखीपासून दूर पाठवतो, कोण कुठल्या केंद्रावर जाणार ते आयत्या वेळी सांगतो, आणि त्यातूनच भरवसा तयार होतो. अमेरिकेत सगळ्या देशाच्या निवडणुका चालवणारा असा आयोग नाही. प्रत्येक राज्य आपली निवडणूक आपण घेतं, आणि न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे ईशान्येकडच्या आमच्या या राज्यांत, ती गावच घेतं. इथे भरवसा येतो तो मोजणारी माणसं ओळखीची असतात म्हणून. उद्या दुकानात खिळे घ्यायला गेलं की तोच माणूस समोर येणार. मी बाबांना हे म्हटलं, तर ते म्हणाले, "इथे ठीक आहे. आपल्या गावात चाललं नसतं, पहिल्याच गठ्ठ्याला मारामारी झाली असती." त्यावर मी वाद घातला नाही. त्यांनी तेवढ्या निवडणुका आतून बघितल्या होत्या.

पण तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. २०००मध्ये फ्लोरिडा आणि न्यू हॅम्पशायर, दोन्हीकडचा निकाल सारखाच निर्णायक होता. एकीकडे पाच आठवडे देश पेटला, आणि दुसरीकडे कुणी ब्रसुद्धा काढला नाही. फरकाचा आकडा हे एक कारण झालंच. सव्वा टक्क्याचा फरक फेरमोजणीने पालटत नसतो. पण फ्लोरिडात काही ठिकाणी मतपत्रिकाच अशा होत्या की मतदाराने कुणाला मत दिलं हे कागदावरून कळत नव्हतं. इथे कागद बघितला की कुणालाही कळतं.

आणि हे नुसतं माझं इथल्याबद्दलचं प्रेम बोलत नाहीये, त्याला इतिहास आहे. १९७४मध्ये इथली सिनेटची निवडणूक अशी झाली की पहिल्या मोजणीत रिपब्लिकन वायमन ३५५ मतांनी पुढे, फेरमोजणीत डेमोक्रॅट डर्किन १० मतांनी पुढे, दुसऱ्या फेरमोजणीत पुन्हा वायमन २ मतांनी. दोन मतं! प्रकरण वॉशिंग्टनला सिनेटपुढे गेलं, तिथे महिनोन्महिने खल झाला आणि निर्णय काही होईना. शेवटी १९७५च्या सप्टेंबरात निवडणूकच पुन्हा घेतली, आणि डर्किन चांगल्या फरकाने जिंकले. त्यानंतर थोड्याच काळात, १९७६मध्ये, बिल गार्डनर राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे निवडणुकांचं काम बघणारे अधिकारी, झाले आणि २०२२पर्यंत त्या पदावर राहिले. इथे फेरमोजणी म्हणजे मतपत्रिका कॉनकॉर्डला, राज्याच्या राजधानीत, आणून, दोन्ही उमेदवारांच्या माणसांसमोर एकेक कागद धरून, हाताने.

चूक होतच नाही असंही नाही. २०२०मध्ये विंडहॅम गावात राज्य विधिमंडळाच्या चार जागांच्या निवडणुकीत २४ मतांनी हरलेल्या डेमोक्रॅट उमेदवार बाईंनी फेरमोजणी मागितली. हाताने मोजल्यावर चारही रिपब्लिकन उमेदवारांची मतं प्रत्येकी सुमारे ३००ने वाढली आणि बाईंची ९९ने घटली. सगळे चक्रावले. अध्यक्षपदाच्या निकालावरून देश आधीच तापलेला होता, त्यात हे तेल. लांबलांबून लोक येऊन विंडहॅमच्या नावाने ओरडू लागले. राज्याने खास कायदा करून तपासणी लावली, २०२१च्या मे महिन्यात, कॅमेरे लावून, कुणालाही घरबसल्या बघता येईल अशी. कारण निघालं ते घडीचं. टपालाने पाठवायच्या मतपत्रिका दुमडायला गावाने एक मशीन वापरलं होतं. त्याची घडी नेमकी त्या बाईंच्या नावासमोरच्या लंबगोलातून जात होती, आणि घडीची सावली स्कॅनरला काळा केलेला लंबगोल वाटत होती. त्यामुळे ज्याने चारही रिपब्लिकनांना मत दिलं होतं, त्याच्या कागदावर स्कॅनरने पाचवं मत धरलं आणि मग सगळीच मतं बाद केली. कागद जपलेले होते म्हणून हे सापडलं. मी ती तपासणी लॅपटॉपवर लावून ठेवायची, स्वयंपाक करता करता. तीन तज्ज्ञ टेबलावर वाकून मतपत्रिकेची एक घडी बोटाने चाचपतायत, हे दृश्य मला निवडणुकीवरच्या कितीतरी भाषणांपेक्षा जास्त काही सांगून गेलं.

आणखी एका फरकाची आठवण इथे काढायलाच हवी. २०१६मध्ये हिलरी क्लिंटन यांनी हे राज्य जेमतेम २,७३६ मतांनी जिंकलं. त्याच दिवशी सिनेटच्या जागेसाठी मॅगी हसन यांनी केली एयॉट यांना १,०१७ मतांनी हरवलं. सात लाखांहून जास्त मतांत एवढासा फरक. एयॉट यांनी फेरमोजणी न मागता दुसऱ्या दिवशी हार मान्य केली. मॅसॅच्युसेट्सहून बसगाड्या भरभरून लोक आणून इथे मतदान करवलं, असा आरोप नंतर खुद्द ट्रम्प यांनी केला. राज्याने चौकशी केली, तसं काही सापडलं नाही. हरलेल्या एयॉट यांनाच आठ वर्षांनी याच मतदारांनी गव्हर्नर केलं.

टीव्हीवर दर चार वर्षांनी दिसणारं न्यू हॅम्पशायर म्हणजे डिक्सव्हिल नॉच. कॅनडाच्या सीमेजवळची डोंगरातली ही चिमुकली वस्ती, १९६०पासून मध्यरात्री बाराच्या ठोक्याला मतदान करते आणि काही मिनिटांत निकाल सांगते. शंभराहून कमी वस्तीच्या गावांना तशी मुभा आहे. २०००मध्ये तिथे बुश यांना २१ मतं होती, गोर यांना ५ आणि नेडर यांना १. २०२४मध्ये ट्रम्प ३, हॅरिस ३. बघायला मौज वाटते, पण त्यावरून राज्याचा अंदाज बांधू नका. २०००चा खरा निकाल हॅनोव्हर, डरहॅम, कीन या विद्यापीठांच्या गावांत आणि आमच्या दक्षिणेकडच्या सीमेवरच्या वस्त्यांत लागला.

अलीकडे एक बदल झालाय, आणि तो आमच्यासारख्यांनी ध्यानात ठेवायला हवा. २०२४च्या निवडणुकीनंतर इथे नव्याने मतदार म्हणून नाव नोंदवायचं असेल तर नागरिकत्वाचा कागदी पुरावा दाखवावा लागतो. आधी प्रतिज्ञापत्रावर सही करून भागत असे. मला स्वतःला जुनी पद्धत बरी वाटायची. पासपोर्ट सगळ्यांकडे नसतो, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांना जन्मदाखल्याबरोबर आणखी कागद शोधत बसावं लागतं. मंडळाच्या गणपतीत मी आता नव्याने नागरिक झालेल्या प्रत्येकीला सांगते की नागरिकत्वाचं प्रमाणपत्र लॉकरमध्ये आहे ना ते बघून ठेव, आणि मतदानाच्या आदल्या आठवड्यात घरी आणून ठेव.

नोव्हेंबरात कुणी इकडे येणार असाल आणि ते सम वर्ष असेल, तर बॉस्टन बघून झाल्यावर एक संध्याकाळ माझ्यासाठी राखून ठेवा. महिन्यातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. बहुतेक गावांत मतदान सात किंवा आठला संपतं आणि लगेच मोजणी सुरू होते. नॅशुआहून गाडीने तासभर, जाड जाकीट आणा, आणि दोन-तीन तास उभं राहायची तयारी ठेवा, कारण कठड्याबाहेर खुर्च्या फार नसतात.